पिठाची चाळणी, बाबांची फ्रेम आणि लग्नाचा केक

गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या हॉलमध्ये प्रसादाच्या टेबलावर मी एक बिनअंड्याचा केक ठेवला होता. त्यावर पांढऱ्या चॉकलेटची चकती आणि चकतीवर हळदीच्या रंगात कोयऱ्यांची नक्षी. "प्रिंटरवर काढलीत का हो?" असं चार-पाच जणांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, स्क्रीन प्रिंटिंग केलंय." त्याबरोबर एक गृहस्थ तोंडाशी नेलेला घास तसाच धरून म्हणाले, "म्हणजे टी-शर्टवर करतात ते?"

सगळे हसले, मीही हसले. पण खरं सांगायचं तर त्यांची शंका अगदी रास्त होती. हीच शंका २०१९ साली माझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी माझ्या मनात आली होती आणि तिचं उत्तर शोधता शोधता मी कुठल्या कुठे जाऊन पोचले. आपल्या संपादिकाबाईंनी ते सारं ऐकलं आणि म्हणाल्या, "आता लिहूनच द्या." म्हणून हा प्रपंच.

बाबांचं टेबल

माझं माहेर लालबागचं. बाबा गिरणीत छपाई खात्यात होते. लांबच लांब टेबल, त्यावर कापड ताणून चिकटवलेलं, टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं आणि मध्ये जाळी ताणलेली लाकडी फ्रेम. एकानं रबरी पट्टीनं, म्हणजे स्क्वीजीनं, रंग ओढत समोरच्याकडे न्यायचा, समोरच्यानं तो परत पाठवायचा. मग फ्रेम उचलायची आणि पुढच्या खुणेवर ठेवायची. एका साडीत जितके रंग तितक्या फ्रेमा. बाबांच्या हातचा ठसा कधी केसभरही सरकला नाही, असं त्यांचे जोडीदार सांगत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे काय झालं ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, काहींनी घरात सोसलंही असेल. मी तेव्हा माटुंग्याला, त्या वेळच्या यूडीसीटीमध्ये, वस्त्ररसायन शिकत होते. सहा महिने बाबांनी वाट पाहिली. मग त्यांनी जुन्या खाटेच्या लाकडाची एक फ्रेम करून घेतली, तिच्यावर नायलॉनची जाळी ताणली आणि चाळीतल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत लग्नपत्रिका छापायला सुरुवात केली. माझी शेवटच्या वर्षाची फी त्या पत्रिकांतून भरली गेली. दोरीवर चिमट्यांनी लावलेल्या ओल्या पत्रिका, घरभर घासलेटचा वास आणि खाली जेवायला बसलेली आम्ही भावंडं. त्या काळातली माझी पुस्तकं आजही उघडली तरी तो वास येतो असं मला वाटतं.

१९८६ साली मी पुढच्या शिक्षणासाठी मँचेस्टरला, तेव्हाच्या युमिस्टमध्ये आले. १९८८ साली दादरला माझं लग्न झालं. पत्रिका अर्थातच बाबांनी छापली. तांबड्या कागदावर सोनेरी कोयऱ्यांची किनार आणि वर गजानन. २००४ साली बाबा गेले. नंतर एका खेपेला मी ती फ्रेम कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून इकडे आणली. कस्टमवाल्यानं विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "माय फादर्स." त्यानं पुढे काही विचारलं नाही.

जाळी मुळात कोणाची?

बाबा त्या जाळीला 'बोल्टिंग क्लॉथ' म्हणत. मुंबईचे सगळेच छापणारे म्हणतात. मी चार वर्षं वस्त्ररसायन शिकले, पण हा 'बोल्टिंग' म्हणजे काय हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. इंग्रजीत त्याचा जुना अर्थ आहे पीठ चाळणं! एकोणिसाव्या शतकात मोठ्या पिठाच्या गिरण्यांमध्ये मैदा आणि कोंडा वेगळा करायला अतिशय बारीक, एकसारख्या भोकांचं रेशमी कापड लागे. धुवून, ताणून, रोज वापरूनही त्याची भोकं वाकडीतिकडी होता कामा नयेत. स्वित्झर्लंडमधले विणकर त्यात तरबेज होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापणाऱ्यांना नेमकं असंच कापड हवं होतं आणि ते त्यांना पिठाच्या गिरणीच्या सामानात आयतं सापडलं.

म्हणजे ज्याला आपण 'सिल्क स्क्रीन' म्हणतो ती मुळात पिठाची चाळणी. छापखान्यानं ती स्वयंपाकघराकडून उसनी घेतली.

ही जाळी इतकी महत्त्वाची का, हे समजायला रांगोळीच्या छापाकडे बघावं. आपला पत्र्याचा छाप भोकाभोकांचा असतो. स्वस्तिक असो की कमळ, ते ठिपक्यांनीच उमटतं. सलग रेषा का नाही काढत? कारण पत्र्यात गोल कापला की आतली चकती खाली पडते. 'ठ' हे अक्षर कापून पाहा, त्याचं पोट गळून पडेल. ते धरून ठेवायला कुठेतरी पट्टी सोडावी लागते आणि ती पट्टी नक्षीत दिसते. जगभर ज्यांनी ज्यांनी कापलेल्या छापानं काम केलं, त्या सगळ्यांना ही अडचण आली.

जपानी लोकांनी तिच्यावर फार सुंदर तोड काढली. तिकडे मिए प्रांतात, आजच्या सुझुका शहराच्या शिरोको आणि जिके या भागांत, 'इसे कातागामी' नावाचे कागदी छाप पिढ्यान् पिढ्या कापले जात. तुतीच्या सालीचा कागद, त्याचे थर एकमेकांवर चिकटवायचे ते कच्च्या पर्सिमन फळाच्या रसानं. मग धूर देऊन कागद पक्का करायचा. नाजूक नक्षी तुटू नये म्हणून कागदाच्या दोन थरांमध्ये रेशमाचे धागे ताणून बसवायचे. धागे इतके बारीक की छापल्यावर त्यांची खूण उमटत नाही. आता ह्या छापातून ते काय ढकलत? रंग नव्हे, तर चिकट तांदळाच्या पिठाची आणि कोंड्याची शिजवलेली खळ! कापडावर जिथे खळ बसली तिथे रंग चढत नाही. रंगवून झालं की खळ धुऊन टाकायची, नक्षी पांढरी राहते. म्हणजे तिथेही पुन्हा पीठच.

मँचेस्टरची देणगी

ह्या गोष्टीतले पुढचे दोन टप्पे आमच्या मँचेस्टरच्या परिसरातले आहेत, हे कळल्यावर मला उगीचच अभिमान वाटला.

१९०७ साली मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन ह्यांनी फ्रेमवर ताणलेल्या रेशमी जाळीतून छापण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आता आधाराला चार-दोन धागे नव्हते, अख्खी जाळीच होती. 'ठ'चं पोट सुटण्याचा प्रश्न कायमचा मिटला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोत, ह्याच तत्त्वावर अनेक रंगी छपाई होऊ लागली आणि दुकानांच्या पाट्या, जाहिराती, झेंडे सगळं जाळीतून निघू लागलं.

दुसरा टप्पा १९४१चा. मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये काम करणाऱ्या व्हिनफील्ड आणि डिक्सन ह्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी एक नवा धागा शोधला. त्याचं नाव टेरिलीन. आपल्या वडलांच्या टेरिकॉटच्या शर्टातलं 'टेरी' ते हेच. पॉलिएस्टरचा हा धागा पाण्यानं फुगत नाही, ताण सोडत नाही, म्हणून पुढे जाळीतून रेशीम गेलं आणि पॉलिएस्टर आलं. नाव मात्र 'सिल्क स्क्रीन'च राहिलं.

जाळीवर नक्षी बसवायची तिसरी युक्ती फोटोग्राफीतून आली. बायक्रोमेटवर उजेडाचा परिणाम होतो हे स्कॉटलंडच्या मंगो पाँटन ह्यांनी १८३९ साली दाखवलं. बायक्रोमेट मिसळलेलं जिलेटिन उजेड लागला की घट्ट होतं, ह्याच्यावर फॉक्स टॅल्बट ह्यांनी १८५२ साली पेटंट घेतलं. जाळीला हे मिश्रण अंधारात फासायचं, वर काळ्या शाईनं काढलेलं चित्र ठेवायचं आणि उन्हात धरायचं. उजेड लागलेला भाग घट्ट होतो, झाकलेला भाग पाण्यानं धुऊन जातो. बाबा हे सारं चाळीच्या गॅलरीत करत. "ऊन मोजता आलं पाहिजे," ते म्हणत. घड्याळ न बघता ते शंभरपर्यंत आकडे म्हणत आणि फ्रेम झाकत.

आता मंडळी, ह्या यादीकडे जरा गृहिणीच्या नजरेनं बघा. जिलेटिन तर जेलीत असतंच. गिरणीत रंग दाट करायला चिंचोक्याची पूड आणि गवारीच्या बियांचा डिंक वापरत. त्याच गवारीचा डिंक आइस्क्रीमला दाटपणा आणतो. १९५६ साली आयसीआयनं प्रोसियन नावाचे नवे रंग बाजारात आणले. स्टार्चशी ते रंग स्वतःच जोडले जात, म्हणून छपाईसाठी समुद्रातल्या शेवाळाचं अल्जिनेट घ्यावं लागलं. तेही खाण्यात चालतं. जुन्या कॅलिको छपाईतला कतिरा डिंक तर आजही साखरेची फुलं करणाऱ्या बायका वापरतात. छापखान्याचं अर्धं सामान मुदपाकखान्यातूनच गेलेलं आहे.

केकवरची छपाई

मग ही उसनवारी परत कधी फेडली गेली? साध्या छापापुरतं बोलायचं तर फार पूर्वीच. स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला ह्या यात्रेच्या गावी बदामाचा केक मिळतो, त्यावर पिठीसाखरेत संत जेम्सचा क्रूस उमटवलेला असतो. क्रूसाच्या आकाराचा कागद ठेवायचा, वरून साखर भुरभुरायची आणि कागद उचलायचा. ही पद्धत तिथल्या कासा मोरा ह्या मिठाईच्या दुकानानं १९२४ साली सुरू केली असं मानतात. आपल्या दारातल्या रांगोळीचीच ही बहीण, फरक इतकाच की हिला मुंग्यांच्या आधी माणसं खातात.

इंग्लंडमध्ये अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर घोटून केलेलं रॉयल आयसिंग कापलेल्या छापावरून पसरून नक्षी उमटवतात. फ्रेंच मिठाईवाल्यांनी आणखी पुढची मजल मारली. लोणी, साखर, अंड्याचा पांढरा आणि मैदा समभाग घेऊन रंगीत पीठ करायचं. ते जाळीतून किंवा छापातून सिलिकॉनच्या चटईवर उमटवायचं आणि गोठवायचं. त्यावर बदामाच्या केकचं पातळ पीठ पसरून सगळं एकत्र भाजायचं. उलटं केलं की नक्षी केकच्या अंगातच विणलेली दिसते. ह्या बदामाच्या केकचं नाव जोकोंद, म्हणजे फ्रेंच लोक ज्या नावानं मोनालिसाला ओळखतात तेच.

पण अस्सल स्क्रीन प्रिंटिंग म्हणावं असं काम चॉकलेटच्या 'ट्रान्सफर शीट'मध्ये दिसतं. कोको बटरमध्ये खाद्य रंग कालवून तो पातळ प्लॅस्टिकच्या कागदावर जाळीतून छापतात. त्यावर वितळलेलं चॉकलेट ओततात. गार झाल्यावर कागद सोलला की नक्षी चॉकलेटला चिकटून येते. कोको बटर अंगाच्या उष्णतेच्या जरा खाली, साधारण ३४ अंशाला वितळतं. त्यामुळे मिठाईवाल्याची शाई तोंडात विरघळते. अशी शाई बाबांना मिळाली असती तर घासलेटचा खर्च तरी वाचला असता.

१९९०च्या दशकात खाद्य शाईचे प्रिंटर आले आणि वाढदिवसाच्या केकवर मुलांचे फोटो दिसू लागले. त्याच सुमारास मुंबईत संगणकावर जुळवलेल्या झटपट पत्रिका आल्या आणि बाबांचं काम आटत गेलं. शेवटच्या वर्षी त्यांनी तीन लग्नं छापली. "आता लोकांना रंग हाताला लागलेला आवडत नाही," ते म्हणाले होते. त्यात तक्रार नव्हती, पण खरं होतं ते. प्रिंटरचा रंग कागदात मुरतो, जाळीतला रंग कागदावर बसतो. बोट फिरवलं की कळतो.

छापखान्यातून आलेलं विष

इथे आता त्या घास हातात धरलेल्या गृहस्थांकडे परत यायला हवं. छापखाना आणि स्वयंपाकघर ह्यांच्यात जी ये-जा झाली ती सगळीच काही भल्याची नव्हती.

१८५०च्या दशकाच्या सुरुवातीला आर्थर हिल हॅसल नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या बाजारातले पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि निष्कर्ष 'द लॅन्सेट'मध्ये छापले. पोरांच्या रंगीत गोळ्यांमध्ये त्यांना पिवळ्यासाठी शिशाचं क्रोमेट, तांबड्यासाठी शेंदूर आणि पाऱ्याचं हिंगूळ, हिरव्यासाठी तांबं आणि आर्सेनिक सापडलं. हे सगळे भिंतीच्या, कागदाच्या, कापडाच्या छपाईतले रंग. १८५८ साली आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या ब्रॅडफर्डमध्ये तर भलतंच घडलं. तिथे रंगाचा दोष नव्हता. साखरेत स्वस्त भेसळ करण्यासाठी आणलेल्या पांढऱ्या पुडीऐवजी चुकून आर्सेनिक दिलं गेलं. सुमारे वीस माणसं दगावली, दोनशेहून जास्त आजारी पडली. त्यानंतर १८६० साली ब्रिटनमध्ये भेसळीविरुद्धचा पहिला कायदा झाला.

पण कापडाचे रंग ताटात येतच राहिले. टार्ट्राझिन हा लिंबासारखा पिवळा रंग १८८४ साली लोकर आणि रेशमासाठी निघाला आणि मग केक, सरबतं, गोळ्यांमध्ये गेला. त्याला खाण्यात कायदेशीर परवानगी आहे. मात्र २००७ साली साउदॅम्प्टनमध्ये झालेल्या अभ्यासानंतर युरोपात २०१० पासून अशा सहा रंगांच्या पदार्थांवर लहान मुलांच्या चंचलतेविषयी सूचना छापणं बंधनकारक झालं. आपल्याकडचं मेटॅनिल यलो तर निव्वळ कापडाचा आणि कागदाचा रंग. खाण्यात त्याला बंदी असूनही जिलबीत आणि डाळीत तो कितीदा पकडला गेला आहे!

आणि ही जुनीपुराणी गोष्ट आहे असं कोणी समजू नये. २०१८ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात एका वाढदिवसाच्या केकनं सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. केकवर सोनेरी चमक आणायला जी पूड लावली होती तिच्यात तांबं निघालं. अशा पुड्यांवर 'नॉन-टॉक्सिक' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 'खाण्याजोगं' असा नाही, हे तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं २०२१ साली स्पष्टपणे लिहिलं. घराघरांतून केक करणाऱ्या आपल्या मैत्रिणींना माझी हात जोडून विनंती आहे, की डबीवर 'एडिबल' हा शब्द आणि घटकांची यादी दिसली तरच ती विकत घ्या.

सोनेरी चमकेची ती बातमी मी वाचली आणि चरकले. बाबांची सोनेरी शाई म्हणजे वार्निशमध्ये कालवलेली पितळेची पूड होती. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त.

फ्रेम भिंतीवर, हात कामाला

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "आई, केकवर तुझ्या पत्रिकेची बॉर्डर हवी. आजोबांची. आणि त्यांच्याच फ्रेमनं." मला भरून आलं. फ्रेम लॉफ्टमधून खाली काढली, कोमट पाण्यानं पुसली, जाळी उन्हात धरली. कोपऱ्यात अजूनही सोनेरी रंगाची एक रेघ होती. कडेला बायक्रोमेटचा तपकिरी डाग.

तीस वर्षं मी रंगांच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. बायक्रोमेटमधलं क्रोमियम काय करतं ते मला माहीत आहे. लाकडानं काय काय पिऊन ठेवलं असेल, शिसं, पितळ, घासलेट, ते कितीही घासलं तरी बाहेर येणार नाही, हेही माहीत आहे. तरी दोन दिवस मी स्वतःला समजावत राहिले. मध्ये प्लॅस्टिक घातलं तर? फ्रेम नुसती धरली आणि जाळी नवी लावली तर? शेवटी मुलीला बसवून सांगितलं. ती हिरमुसली. "मग त्यांचं काय राहिलं त्यात?" तिनं विचारलं. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

नवीन जाळी मी मागवली ती पीठ चाळण्यासाठी विकतात ती, खाद्यपदार्थांसाठी चालणारी. ती भरतकामाच्या नव्या रिंगमध्ये ताणली. बायक्रोमेट नाही, कुठलंही रसायन नाही. बाबांच्या कोयऱ्या पत्रिकेवरून ट्रेस करून बेकिंगच्या कागदात कापल्या. कागद जाळीला चिकटवायचीही गरज नसते. पहिला हात मारला की शाईच त्याला जाळीशी धरून ठेवते, हे मी चाळीत पाहिलं होतं. स्क्वीजीच्या जागी कणीक खरवडायची सिलिकॉनची पट्टी.

आधी रॉयल आयसिंगनं करून पाहिलं. दोन ठशांनंतर जाळी बुजली. मग आठवलं, की रंगाचा कण भोकाच्या एक तृतीयांशाहून मोठा असता कामा नये. पिठीसाखर मलमलीतून चाळली, आयसिंग लवकर सुकू नये म्हणून त्यात ग्लिसरीनचे थेंब घातले. बाबाही शाई जाळीत सुकू नये म्हणून तिच्यात काहीबाही मिसळत. ठसे बरे आले, पण सोन्याची शोभा नव्हती. मग कोको बटर घेतलं. रंग कोणता? केशर पाण्यात सुटतं, तुपात नाही. हळदीचा रंग मात्र स्निग्ध पदार्थात उतरतो. लग्नघर आहे, तेव्हा हळदच बरी! हळदीतून काढलेला खाद्य रंग कोको बटरमध्ये कालवला आणि काळ्या चॉकलेटवर दिमाखात पहिला ठसा मारला. काहीच दिसेना. तेव्हा बाबा कानात म्हणाल्यासारखं झालं, "काळ्यावर पिवळं छापायचं तर खाली पांढरं लागतं, बाय." काळं चॉकलेट बाजूला सारलं, पांढरं घेतलं.

मग ट्रान्सफरची पद्धत. खाद्य वापराच्या प्लॅस्टिक कागदावर ठसा मारायचा. कोको बटर गार होत होत सायीसारखं दाट झालं की तीच वेळ. आधी मारलं तर कडा पसरतात, उशीर झाला तर जाळीतच गोठतं. ठसा आळला की वर पांढरं चॉकलेट ओतायचं. मी हौसेनं पत्रिकेवरचा गजाननही कापला होता. चॉकलेट सोडवून सरळ केलं, तर सोंड उजवीकडे! ट्रान्सफरमध्ये चित्र आरशासारखं उलटतं, हे मी रसायनशास्त्राच्या नादात विसरले होते. डोंबिवलीला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "उजव्या सोंडेचा राहू दे, डाव्या सोंडेचा केलास तरी त्याच्यावर सुरी कोण चालवणार आहे?" हा प्रश्न आम्हा दोघी शिकलेल्या बायांना सुचलाच नव्हता. गजानन वगळला. कोयऱ्यांना डावं-उजवं सारखंच.

लग्नाच्या आदल्या रात्री अठरा चकत्या करायच्या होत्या. खिडक्या उघड्या टाकून, स्वेटर घालून आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहिलो. ती रिंग धरायची, मी पट्टी ओढायची. पाचव्या-सहाव्या चकतीनंतर लक्षात आलं, की मी पट्टी पंचेचाळीस अंशांत कलती धरून, अंगठा मागे आणि चार बोटं पुढे ठेवून, एका दमात ओढत होते. थांबत नव्हते, परत फिरवत नव्हते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. खोलीच्या कोपऱ्यात अभ्यास करता करता डोळ्यांखालून गेलं होतं. मुलगी म्हणाली, "आई, मला दे ना." तिनं ओढलेल्या पहिल्या दोन चकत्या लिबलिबीत निघाल्या, त्या आम्ही तिथेच खाऊन टाकल्या. तिसरी चांगली आली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं, पण मी बोलून दाखवलं नाही. तिलाही ते कळलं असावं, कारण उरलेल्या साऱ्या चकत्या तिनंच ओढल्या.

फ्रेम लॉफ्टमध्ये परत गेली नाही. ती आमच्या जिन्यातल्या भिंतीवर आहे, काचेमागे, सोनेरी रेघेसकट.

लग्न छान झालं. केकचा फोटो आईला पाठवला. तिनं तो भाचीकडून मोठा करून घेतला आणि मग फोन आला. कोयऱ्या अगदी तशाच उतरल्यात म्हणाली. जरा वेळ गप्प राहिली आणि मग विचारलं, "घासलेटचा वास नाही ना गं येत?"